पठाराला हवा मालधक्का

बेल्हे मागे टाकून कल्याण-नगर महामार्ग आणे घाटाला लागतो, तेव्हा भरलेल्या गाड्यांचा आवाज बदलतो. कांद्याने भरलेला दहाचाकी ट्रक पहिल्या गिअरवर येतो. क्लीनर दारातून वाकून मागची गाडी किती जवळ आली ते बघतो. त्याच्यामागे एसटी, दुधाचा टँकर, टोमॅटोचे रिकामे कॅरेट लादलेली पिकअप अशी रांग लागते. गुळुंचवाडीजवळ रस्ता सोडून थोडं खाली उतरलं की मळगंगेच्या देवळापाशी ओढ्यावरचा नैसर्गिक शिळापूल दिसतो. काळ्या कातळाची ही अखंड कमान पाण्याने खालून कोरून काढली आहे. पावसाळ्याच्या शेवटी ओढा भरात असतो, कमानीखालून पाणी खळाळत जातं आणि वरच्या वळणावर गाड्या एकामागोमाग एक चढत राहतात.

घाट संपला की आणे. जुन्नर तालुक्याची ही पूर्वेची कड. आणे, पेमदरा, नळवणे, शिंदेवाडी ही पठारावरची गावं. त्यापुढे पारनेर तालुका सुरू होतो. तालुक्याच्या खालच्या अंगाला कुकडी प्रकल्पाची धरणं आहेत, कालवे आहेत, ऊस आणि द्राक्षं आहेत. पठारावर मात्र बाजरी, हरभरा, कांदा आणि पावसाची वाट. उन्हाळ्यात इथे टँकर येतात. रंगदास स्वामींच्या यात्रेला हेच गाव हजारोंच्या पंगतीला आमटी-भाकरी वाढतं. लांबलांबच्या गावांहून आणि मुंबईहून माणसं येतात, आणि सगळी रस्त्यानं येतात. आण्याला रेल्वे नाही. आण्यालाच काय, जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत रूळ नाहीत.

संपादकांनी विषय दिला होता वर्षभरात जगाच्या रेल्वेत काय घडलं हा. २०२४ च्या दिवाळीपासून २०२५ च्या दिवाळीपर्यंत घडलं पुष्कळ. पूल झाले, बोगदे आरपार झाले, राजधान्या जोडल्या गेल्या, दोन मोठी स्मरणवर्षं आली. पण रेल्वेचं मोल जिथे ती पोचलेली नाही तिथून जास्त नीट दिसतं. म्हणून हे वर्ष मी आण्याच्या पठारावरून पाहायचं ठरवलं.

दोन रेघांच्या मधलं गाव

आण्याच्या आसपास कागदावर दोन रेल्वे आहेत. एक उत्तर-दक्षिण जाते, दुसरी पूर्व-पश्चिम.

पूर्व-पश्चिम जाणारी जुनी. कल्याण माळशेज घाटाने नगरला जोडावं ही मागणी इथल्या कित्येक पिढ्यांनी ऐकली आहे. कल्याणला रेल्वे आली १८५४ साली, बोरीबंदर-ठाणे गाडी धावली त्याच्या पुढच्याच वर्षी. नगरला आली १८७८ साली, दौंड-मनमाड मार्गाबरोबर. म्हणजे या रस्त्याच्या दोन्ही टोकांना जवळजवळ दीडशे वर्षांपासून स्टेशन आहे. मधला मुरबाड, माळशेज, ओतूर, आळेफाटा, बेल्हे, आणे, टाकळी ढोकेश्वर हा सगळा पट्टा मात्र त्या दीडशे वर्षांत बैलगाडीवरून ट्रकवर आला आणि तिथेच थांबला. कल्याण-मुरबाड टप्प्याचं बोलणं अधूनमधून पुढे सरकतं. घाट चढून रूळ वर येण्याचं बोलणं निवडणुकीच्या आगेमागे ऐकू येतं.

दुसरी रेघ नवी आणि जास्त ठळक: पुणे-नाशिक. ही दोन मोठी शहरं, पण त्यांच्यात सरळ रेल्वे नाही. गाडी एक तर लोणावळा उतरून कल्याणला जाते आणि पुन्हा कसारा चढते, नाही तर दौंड-मनमाडचा वळसा घेते. राज्य सरकार आणि रेल्वे मंत्रालय यांच्या भागीदारीतल्या महारेल या कंपनीने यावर २३५ किलोमीटरचा दुहेरी मार्ग आखला. ताशी २०० किलोमीटरचा वेग, सुमारे १६,००० कोटींचा खर्च, पावणेदोन तासांत नाशिक. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळे, संगमनेर, सिन्नर अशी स्थानकं त्यात होती. राज्य मंत्रिमंडळाने २०२१ मध्ये मान्यता दिली. मोजणीचे दगड लागले, सिन्नरकडे काही ठिकाणी जमिनींची खरेदीही झाली. आळ्याला स्टेशन म्हणजे आण्याहून घाट उतरला की रेल्वे, असा तो हिशेब होता.

यंदा तो हिशेब मोडला. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितलं, की खोडदच्या दुर्बिणीला बाधा येते म्हणून हा मार्ग बदलावा लागेल आणि नाशिकची रेल्वे आता नगर-शिर्डीच्या बाजूने नेली जाईल. एका वाक्यासरशी मंचर, नारायणगाव, आळे, संगमनेर ही नावं आखणीतून बाहेर पडली. जमिनीचं काय होणार, मोजणी झालेल्या शेतात विहीर खणावी की नाही, बागेत पैसा घालावा की थांबावं, हे प्रश्न बांधावर तसेच राहिले.

खोडदच्या दुर्बिणीचं म्हणणं

या निर्णयावर राग येणं साहजिक आहे. पण राग धरण्याआधी खोडदला जाऊन यावं.

नारायणगावच्या पूर्वेला भाजीपाल्याच्या शेतांमधून रस्ता जातो आणि एकाएकी पिकाच्या वर प्रचंड तबकड्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. पत्र्याऐवजी बारीक तारेची जाळी ताणून त्या केल्या आहेत, म्हणून त्यांच्या आरपार आभाळ दिसतं. जाळीमुळे वारा अडत नाही, वजन कमी राहतं आणि खर्चही. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दुर्बीण आपल्याच देशात, आपल्या कारागिरांच्या हातून उभी केली. एकूण ३० तबकड्या. १४ मधोमध दाटीने, उरलेल्या १६ तीन भुजांवर दूरपर्यंत पसरलेल्या. हा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा आहे. तिचं नाव जीएमआरटी. मीटरभर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी ऐकणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणींत ती गणली जाते. २०२३ मध्ये विश्वात सगळीकडे भरून असलेल्या मंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जगापुढे आले, त्यात खोडदच्या नोंदींचा वाटा होता.

जागा इथेच का निवडली, याचं उत्तर आपल्या परिसराच्या शांततेत आहे. मोठी शहरं लांब, भोवती डोंगरांचा आडोसा, माणसांनी केलेल्या रेडिओ गोंगाटाची पातळी कमी. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली लहर इथे पोचते तेव्हा ती इतकी क्षीण असते, की शेजारचा मोबाइलसुद्धा तिच्यापुढे कर्कश ठरतो.

विजेवरची रेल्वे या शांततेत काय करते? इंजिनाच्या डोक्यावर पँटोग्राफ असतो. तो वरच्या तारेला घासत २५,००० व्होल्टची वीज घेतो. वेगात तार आणि पँटोग्राफ क्षणभर सुटले की ठिणगी पडते, आणि ठिणगी म्हणजे एकाच वेळी अनेक वारंवारितांवरचा रेडिओ गोंगाट. एखाद्या ठरावीक वारंवारितेवरचा त्रास गाळून टाकता येतो. ठिणगीचा पसरट गोंगाट वेगळा काढणं फार अवघड. शिवाय गाडीतले शेकडो मोबाइल आणि गाडीच्या नियंत्रणाची बिनतारी यंत्रणा. यावर उपाय मोजकेच: पुरेसं अंतर, मध्ये डोंगर, किंवा झाकलेला मार्ग. पहिल्याने रेल्वे गावांपासून लांब जाते, तिसऱ्याने खर्च चढतो.

याच वर्षी, ३ फेब्रुवारीला, भारतातल्या विजेच्या रेल्वेला १०० वर्षं झाली. १९२५ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने पहिली विजेची गाडी निघाली. ज्या विजेने रेल्वेला शंभर वर्षं बळ दिलं, तिच्याच ठिणगीने जुन्नरची रेल्वे अडली आहे. दुर्बीण खरी आहे, तिची अडचण खरी आहे, आणि ती आपल्या तालुक्याची शान आहे. तिला खलनायक करून काही साधणार नाही. पण विज्ञानासाठी एखाद्या भागाने रेल्वे सोडायची असेल, तर त्या त्यागाची भरपाई कशी करणार, हे सांगण्याची जबाबदारी सरकारवर येते. आजवर ते कुणी सांगितलेलं नाही.

सप्टेंबरचा पंधरवडा

यंदाच्या सप्टेंबरात पंधरा दिवसांत रेल्वेच्या पाच घटना घडल्या. त्या एकापुढे एक मांडल्या तर वर्षभराचं सार हाती येतं.

१३ सप्टेंबरला मिझोराममध्ये बैरबी-सैरांग मार्ग खुला झाला आणि ऐझॉलच्या दाराशी रेल्वे पोचली. मार्ग अवघा ५१ किलोमीटरचा, पण त्यात ४५ बोगदे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच मार्गावरच्या पुलाचा सांगाडा कोसळून वीसहून अधिक मजूर गेले होते. उद्घाटनाच्या फोटोंत ते कुठेच नव्हते; रूळ मात्र त्यांच्याही कष्टांवर उभे आहेत.

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला पहिली गाडी गेली. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला होता. ज्यांनी मागणी केली त्यांतले कित्येक ही गाडी पाहायला राहिले नाहीत. गोपीनाथ मुंडे त्यांतले एक. खर्च वाढत वाढत ४,८०० कोटींच्या पुढे गेला आणि राज्याने निम्मा वाटा उचलला. आज ही गाडी एसटीपेक्षा सावकाश जाते. तरी बीडच्या फलाटावर त्या दिवशी लोटलेली गर्दी वेग मोजायला आलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला, आल्प्स पर्वतात ऑस्ट्रिया आणि इटली यांच्यामधला ब्रेनर पायथा बोगदा पहिल्यांदा आरपार झाला. मुख्य बोगद्यांच्या खालून खणलेल्या पाहणी-बोगद्याची दोन टोकं मिळाली. गाड्या धावायला २०३२ उजाडेल.

२० सप्टेंबरला मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या घणसोली-शिळफाटा बोगद्यातला शेवटचा कातळ फुटला. हा जवळपास पाच किलोमीटरचा टप्पा सुरुंग लावत खणलेला आहे. कल्याणहून माळशेजकडे निघणारा माणूस जिथून जातो, त्या शिळफाट्याच्या पोटातलं हे काम.

आणि २७ सप्टेंबरला आधुनिक रेल्वेला २०० वर्षं पूर्ण झाली. १८२५ साली त्या दिवशी इंग्लंडमध्ये स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर जॉर्ज स्टीफन्सन यांचं लोकोमोशन हे इंजिन धावलं. लोक त्या गाडीत दाटीवाटीने चढले हे खरं, पण रूळ टाकले होते कोळशासाठी. खाणीतला कोळसा टीस नदीवरच्या बंदरात स्वस्तात पोचावा, एवढाच त्या सगळ्या उद्योगाचा उद्देश होता. माणसांच्या आधी रेल्वेने माल वाहिला. पठारावर उभं राहून हे वर्ष पाहताना ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

डोंगराची सबब

माळशेजचं नाव काढलं की पहिली सबब घाटाची सांगितली जाते. ती तपासून पाहू.

रेल्वेला चढ सोसत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं, घर्षण कमी, म्हणूनच एक इंजिन हजारो टन ओढतं. आणि त्याच कारणाने चढावर ते घसरतं. बोर घाटात १८६३ साली गाडी चढली ती ३७ मीटरला एक मीटर अशा चढाने. थळ घाट त्यानंतर दोन वर्षांनी झाला, तोही तेवढ्याच चढाचा. आजही कर्जतला आणि कसाऱ्याला जड गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात. माळशेजला पायथ्यापासून माथ्यापर्यंत पाचशे मीटरच्या आसपास चढायचं आहे. बोर घाटाच्या चढाने गेलं तर वीसेक किलोमीटर वळणं घेत जावं लागेल. सोपा, म्हणजे शंभराला एक असा चढ ठेवायचा तर पन्नास किलोमीटर लागतील, त्यातले पुष्कळ बोगद्यातून.

आता ब्रेनरकडे पाहा. तिथला जुना मार्ग १८६७ सालचा, बोर घाटाच्याच पिढीतला, खिंडीवरून चढून जाणारा. खिंडीतल्या महामार्गावरून वर्षाला वीस लाखांहून अधिक ट्रक जातात. धूर आणि गोंगाटाने दऱ्यांतली गावं मेटाकुटीला आली. तेव्हा त्यांनी डोंगर चढणंच सोडलं आणि पायथ्यातून ५५ किलोमीटरचा, जवळजवळ सपाट बोगदा काढायला घेतला. ऑस्ट्रियातच कोराल्म पर्वताखालचा ३३ किलोमीटरचा बोगदा तयार आहे. १४ डिसेंबर २०२५ ला तिथून नियमित गाड्या सुरू झाल्या, आणि ग्राझ ते क्लागेनफुर्ट हा प्रवास ४५ मिनिटांवर आला.

ते श्रीमंत देश, असं कुणी म्हणेल. मग आपल्याकडेच पाहू. ६ एप्रिलला रामेश्वरमचा नवा पांबन पूल खुला झाला. जहाज आलं की त्याचा ७२ मीटरचा मधला भाग सरळ वर उचलला जातो. ६ जूनला काश्मीरमधला चिनाब पूल खुला झाला. नदीच्या पात्रापासून उंची ३५९ मीटर, पोलादी कमानीचा पल्ला ४६७ मीटर. उधमपूर-श्रीनगर-बारामुल्ला या २७२ किलोमीटरच्या मार्गात ३६ बोगदे आहेत आणि त्यांची लांबी मिळून ११९ किलोमीटर भरते. हिमालयाचा कच्चा, ढासळता डोंगर फोडून हे झालं. सह्याद्रीचा काळा कातळ त्यापेक्षा कितीतरी भरवशाचा आहे.

डोंगर अडसर आहे, सबब नाही. सबब असते ती पैशाच्या सातत्याची. काश्मीरचा मार्ग राष्ट्रीय प्रकल्प ठरला आणि त्याला दरवर्षी निधी मिळत राहिला. बीडला वर्षानुवर्षं चिमूटभर तरतूद होत राहिली, म्हणून सपाट जमिनीवरच्या मार्गाला तीस वर्षं लागली. सर्वेक्षण होऊन अर्थसंकल्पात नाममात्र रक्कम टाकलेला मार्ग पुढाऱ्यांच्या भाषणात जिवंत आणि जमिनीवर मेलेला असतो.

सफरचंद, फुलं आणि कांदा

पठारावर सप्टेंबरात बराखी उघडलेल्या असतात. उन्हाळी कांदा इथे बराखीत साठवतात. जाळीच्या दोन भिंती, वर पत्रा किंवा उसाचं पाचट, खालून हवा खेळती. बायका उकिडव्या बसून कांदा निवडतात. सडलेला बाजूला, कोंब आलेला बाजूला, मग गोळा, गोल्टी, बदला अशी प्रतवारी. हाताला कांद्याची सालं चिकटतात, पायाशी त्यांचा थर साचतो. एप्रिलात भरलेल्या कांद्यातला बराचसा वजनात घटलेला असतो, काही सडून गेलेला असतो. यंदा भाव पडलेले, त्यामुळे थांबावं की विकावं हा घोर प्रत्येक घरात. इथल्या बाजारात भाव दहा किलोला बोलतात. पट्टी हातात आली की शेतकरी आधी तळाकडे बघतो: हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन काय उरलं. वरचा भाव आपल्या हातात नसतो. गाडीभाड्याचं काहीतरी करता येईल, असं निदान वाटतं.

म्हणूनच या वर्षातल्या दोन-तीन साध्या बातम्या मला वेगाच्या विक्रमांपेक्षा मोठ्या वाटतात. काश्मीरमध्ये ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात जम्मू-श्रीनगर महामार्ग तुटला आणि सफरचंदाचे ट्रक दिवसेंदिवस अडकले. फळ रस्त्यातच सडू लागलं. त्या वेळी बडगामहून दिल्लीकडे वेळापत्रकानुसार धावणारी पार्सल गाडी सुरू झाली. जूनमध्ये मार्ग खुला झाला नसता, तर सप्टेंबरात बागाईतदारांच्या हाती काही उरलं नसतं. मिझोराममध्येही मार्ग सुरू होताच मालगाडीने सिमेंट आलं आणि तिथल्या शेतकऱ्यांची अँथुरियमची फुलं पार्सल डब्यातून बाहेरच्या बाजारात गेली.

तिसरी गोष्ट आपल्या अगदी जवळची. गेल्या दिवाळीच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, नाशिककडून दिल्लीला कांद्याची खास मालगाडी गेली. लोकांनी तिला कांदा एक्स्प्रेस म्हटलं. ४२ वाघिणी, १,६०० टन कांदा. सरकारने तेव्हा हिशेब दिला होता: तेवढा माल ५६ ट्रकांनी नेला तर ८४ लाख रुपये भाडं, रेल्वेने ७० लाख २० हजार. एका खेपेत १३ लाख ८० हजारांची बचत. त्याआधी २०२० मध्ये देवळालीहून पहिली किसान रेल सुटली होती. फळं-भाजीपाल्याच्या भाड्यात निम्मी सवलत असल्याने ती चालली, आणि पुढे सवलत संपली तशी थांबली.

हे आण्याला जसंच्या तसं लागू होत नाही, हेही समजून घ्यायला हवं. १,६०० टनांचा एक रेक भरायचा तर दोन टनांच्या ८०० पिकअप खाली कराव्या लागतात. तेही ठरावीक तासांत, नाही तर वाघिणी अडवून ठेवल्याचा दंड. कांदा बंद वाघिणीत गरम होतो. हवा खेळती नसेल तर दिल्लीला पोचेपर्यंत वास सुटतो. एकट्या शेतकऱ्याला रेल्वेचा उपयोग नाही. त्याला लागतो जवळचा मालधक्का: वर पत्रा, फरसबंद जमीन, वजनकाटा, हवेशीर गोदाम, रात्री दिवे. शिवाय दहा-वीस गावांचा माल एकत्र करणारी शेतकरी कंपनी किंवा बाजार समिती, आणि पूर्ण रेक नसला तरी चार-सहा पार्सल डबे लावून देणारी रेल्वे. स्टेशन म्हटलं की फलाट आणि पाटी डोळ्यांपुढे येते. पठाराचं खरं स्टेशन मालधक्का हेच असेल.

रेल्वे नसलेल्या गावांचे रेल्वेवाले

मुंबईचे डबेवाले मूळचे कुठले, हे आपल्याला ठाऊक असतं: मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले, संगमनेर. खेड, जुन्नर, आंबेगावात आजही रूळ नाही, पण तिथल्या माणसांनी १८९० पासून मुंबईच्या लोकलवर एक अख्खी व्यवस्था चालवली. डोक्यावरची लांब लाकडी पाटी, तिच्यात दाटीने लावलेले डबे, झाकणावर रंगात लिहिलेली अक्षरं आणि आकडे: कुठल्या स्टेशनवर उतरायचं, कुठली इमारत, कितवा मजला. गाडी फलाटावर थांबते ते काही सेकंद. तेवढ्यात ती पाटी मालडब्यात चढते. रेल्वेचं वेळापत्रक अंगात मुरवलेली ही माणसं सुट्टीला गावी निघतात तेव्हा कल्याणपर्यंत लोकल आणि पुढे एसटी. माळशेजच्या धुक्यात गाडी अडली की तासन् तास घाटात.

आणि या लोकलचं यंदाचं वर्ष दुःखाचं होतं. ९ जूनच्या सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन तुडुंब लोकल एकमेकींजवळून गेल्या, दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचे जीव गेले. त्यानंतर बिनवातानुकूलित लोकललाही आपोआप मिटणारी दारं लावण्याचं ठरलं. ३ सप्टेंबरला लिस्बनमध्ये १८८५ पासून चालणाऱ्या चढावरच्या जुन्या ट्रामचा केबल तुटला आणि १६ माणसं गेली. उद्घाटनाच्या फिती कापल्या जातात त्याच महिन्यात असल्या बातम्या येतात, कारण नवा मार्ग बांधण्याइतकंच जुना सांभाळणं महाग आणि कष्टाचं असतं. मुंबईची गर्दी आणि पठाराचं ओसाडपण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. गावात शेतीचं बरं चाललं, माल वेळेवर बाहेर गेला, चाकणला किंवा नगरला रोज जाऊन-येऊन नोकरी करता आली, तर दारात लटकणाऱ्यांतले काही जण तरी घरी राहतील.

मागणी नेमकी असावी

चीनमधल्या अतिवेगवान रेल्वेचं जाळं २०२४ अखेर ४८,००० किलोमीटरवर गेलं. ते आकडे वाचून डोळे दिपतात, पण आण्याच्या पारावर बसून त्यांचा उपयोग नाही. या पठाराला ताशी दोनशेची गाडी नको आहे. तशी गाडी इथून गेली असती तरी थांबली नसती. दोन शहरांना जोडणारा मार्ग मधल्या गावांना आपोआप जोडत नाही. तो त्यांची जमीन घेतो, आणि थांबा व मालधक्का दिला तरच काही परत देतो.

म्हणून तालुक्याने आता भावनेच्या मोर्चापलीकडे जाऊन चार गोष्टी लेखी मागाव्यात. पहिली, पुणे-नाशिकच्या जुन्या आखणीतल्या जमिनींचा निकाल: लागणार असतील तर मोबदला, नसतील तर सातबाऱ्यावरची टांगती तलवार काढून टाका. दुसरी, मार्ग नगरकडून जाणार असेल, तर जुन्नर-पारनेरच्या हद्दीला सोयीचा पडेल असा मालधक्का त्याच आराखड्यात, त्याच खर्चात. तिसरी, कल्याण-माळशेज-नगर मार्गाचा आजच्या बोगदा-तंत्राने नव्याने अभ्यास. त्यात खोडदचे शास्त्रज्ञ सुरुवातीपासून सोबत हवेत, म्हणजे कुठे अंतर ठेवायचं, कुठे डोंगराआड जायचं, कुठे मार्ग झाकायचा हे रेघ ओढण्याआधी ठरेल, सगळं झाल्यावर नाही. पुणे-नाशिकची एवढी वर्षं याच एका चुकीपायी वाया गेली. चौथी, जो मार्ग मंजूर होईल त्याला दरवर्षी पुरेसा निधी, बीडसारखी तीस वर्षं नाहीत.

यातली एकही मागणी अवास्तव नाही. ऐझॉलला ४५ बोगद्यांतून रेल्वे गेली, श्रीनगरला चिनाब ओलांडून गेली, बीडला उशिरा का होईना गेली. प्रत्येक ठिकाणी लोकांनी पिढ्यान् पिढ्या मागणी धरून ठेवली आणि कुठल्या तरी सरकारने ती एकदाची मनावर घेतली. दुर्बिणीसाठी शांतता राखणाऱ्या, धरणांसाठी जमीन देणाऱ्या आणि मुंबईला डबा पोचवणाऱ्या या तालुक्यांचं देणं मोठं आहे. त्यांचा कांदा रेल्वेने दिल्लीला जावा, ही त्या देण्याची परतफेड आहे, आणि ती याच पिढीला मिळायला हवी.